चौघे, तंबू आणि अडीच वर्षांचा कुत्रा

तुमचा बेत मला कळला तो असा: शनिवारी ९ किलोमीटर चालत ७०० मीटर चढायचं, पठारावर मुक्काम करायचा, रविवारी सकाळी माथा गाठून खाली यायचं. तुम्ही धरून चौघे, त्यातल्या एकाला कुत्र्यांची थोडी भीती. कुत्रा अडीच वर्षांचा, २२ किलोचा, आजवर घराबाहेर न झोपलेला. आणि प्रश्न दोनच: सामान काय घ्यायचं, आणि वर गेल्यावर त्याला मोकळं सोडलं तर चालेल का?

सामानाचं शेवटी सांगतो. त्याआधी तुम्ही न विचारलेलं एक. चौघांपैकी कुत्रा कुणाकडे? "आम्ही सगळेच बघू" हे उत्तर धरणार नाही. आमच्या पहिल्या खेपेला आम्ही पाच जण होतो. चढताना आमच्या कुत्र्याला, भुऱ्याला, पाणी दुसऱ्या कुणीतरी पाजलं असेल असं पाचही जणांना वाटत राहिलं. तंबूपाशी पोचल्यावर बिस्किटं मात्र पाचही जणांनी आपापल्या हाताने भरवली. रात्री अडीचला तो माझ्या स्लीपिंग बॅगच्या पायथ्याशी ओकला, आणि ते धुवायला खाली ओढ्यापर्यंत जावं लागलं. तेव्हापासून पाणी, खाणं, पट्टा आणि "इथून मागे फिरायचं" हा निर्णय, चारही गोष्टी एकाच माणसाकडे असतात. बाकीच्यांनी त्याच्याशी हुज्जत घालायची नाही, हे निघायच्या आधीच कबूल करून घेतो.

मागे फिरायचा निर्णय मुद्दाम त्यात घातलाय. दमलेला माणूस कुरकुर करतो, बूट काढून बसतो. कुत्रा तुम्ही चालताय म्हणून चालत राहतो आणि बसतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. शिवाय पट्टा सोडलेला असला तर तो पुढे धावतो, मागे येतो, बाजूच्या झुडपात शिरतो. तुमचे ९ किलोमीटर त्याला सहज १३-१४ पडतात.

वेळेचा अंदाज बांधायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचं १८९२ मधलं सूत्र अजून कामाला येतं: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. तुमच्या वाटेला ते साधारण तीन तास येतं, पण ते न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचं. पाठीवर तंबू आणि दर अर्ध्या तासाला कुत्र्यासाठी सावलीत दहा मिनिटं धरली की साडेचार तास पकडा. म्हणजे उजाडताच निघायचं, ऊन चढायच्या आत पठारावर. नाश्ता करून नऊला निघू असं ठरत असेल तर मी कुत्र्याला घरी ठेवीन.

कारण खरा धोका उन्हाचाच. आपल्याला सगळ्या अंगाला घाम येतो, कुत्र्याला तो जेमतेम पंजाच्या तळव्यांना येतो. उन्हात चालताना उष्णता त्याला मुख्यतः धापा टाकूनच बाहेर काढावी लागते. त्यामुळे हवा उष्ण आणि दमट असली की त्याची ही सोय अपुरी पडते. चपट्या नाकाच्या जातींना तर असल्या चढावर नेऊच नये. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणजे हात लावून तो गरम लागला तर त्यावरून काहीच कळत नाही. बघायचं ते तोंडाकडे. जीभ रुंद होऊन बाजूला लोंबायला लागली, लाळ पातळ न राहता चिकट दोरीसारखी झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, हाक मारल्यावर कान हलले पण मान वळली नाही, की चढणं तिथेच संपलं. सावलीत घ्या, पोटावर, जांघेत, सगळ्या अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, थोड्या वेळात तोच गरम होऊन उष्णता कोंडून धरतो. प्यायला पाणी थोडं थोडं द्या. झोकांड्या जायला लागल्या तर असंच गार करत खाली आणि थेट पशुवैद्यांकडे.

पाण्याचा हिशोब: घरी बसून राहणाऱ्या कुत्र्याला दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलिलिटर लागतं, म्हणजे तुमच्याला सव्वा लिटरच्या आसपास. चढाईच्या दिवशी दुप्पट धरा. हे अडीच लिटर तुमच्यापैकी कुणाच्या तरी पाठीवर जाणार आहे, तेव्हा आधीच वाटून घ्या. कुत्र्याच्या पाठीवरच्या पिशव्या मिळतात, त्यांत त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त भरू नये म्हणतात. पहिल्या खेपेला मी त्याही लावणार नाही.

कातळ तापलाय का हे बुटातून कळत नाही. हाताची पालथी बाजू टेकवून सात सेकंद ठेवा. नाही ठेववली तर त्याचे पंजेही भाजणार. (कुत्र्यांचे बूट मी दोनदा घेतले. चारांपैकी एक दोन्ही वेळा पहिल्या किलोमीटरमध्येच हरवला.)

आता मोकळं सोडण्याचं. माझं मत: दोन्ही दिवस पट्टा. हाक मारली की तुमचा कुत्रा घरी येतो, हे मान्य. पण कड्याच्या टोकाला ससा उठल्यावर येतो का, हे तुम्हाला माहीत नाही आणि ते तिथे तपासायचं नाही. शिवाय जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात, चरणारी गुरं असतात. अनेक अभयारण्यांत आणि राष्ट्रीय उद्यानांत कुत्र्याला मुळात प्रवेशच नसतो, ते निघायच्या आधी विचारून घ्या. पट्टा गळपट्ट्याला लावू नका, पाठीवर मूठ असलेल्या हार्नेसला (छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांना) लावा. उंच पायरीवर त्या मुठीने त्याला उचलून घेता येतं. घसाऱ्यावरून (सुट्या मातीच्या निसरड्या उतारावरून) उतरताना पट्टा कमरेला बांधू नका, त्याने एक झेप घेतली की तुम्ही पालथे. आणि पट्टा सोडून द्यायचाच असा एक प्रसंग आहे: गुरं अंगावर धावून आली तर. ती कुत्र्यासाठी आलेली असतात. तो पळून सुटतो, पट्टा धरून उभा राहिलेला माणूस सापडतो.

एक गोष्ट चौघांनी बसून बोला. माथ्याजवळ त्याचा पाय मुरगळला तर २२ किलो खाली कोण आणणार? जाड चादरीची झोळी करून दोघांना आणता येतं. घरी जिन्यावरून एकदा करून बघा, बोलण्यापेक्षा त्यातून जास्त कळेल.

भीती वाटणाऱ्या मित्राला "काही करत नाही तो" असं सांगू नका. झोपायची जागा कुठली हवी ते विचारा. दोन तंबू असतील तर प्रश्न मिटला. एकच असेल तर कुत्रा एका कडेला, मग तुम्ही, मित्र दुसऱ्या कडेला.

रात्रीची तयारी आठवडाभर आधी घरात तंबू उभारून करा. तंबूच्या चेनचा आवाज आणि आत वळून बसायला अपुरी जागा, दोन्ही त्याला नवीन असतं. नखं कापून न्या. हवा भरायची मॅट एका नखाने जाते, फोमची चालते. त्यालाही खाली मॅट हवीच: ७०० मीटर वर साधारण साडेचार अंश गारवा जास्त असतो, आणि जमीन पोटातली ऊब ओढून घेते. बाहेर बांधून ठेवू नका, बिबट्याच्या भागात तर अजिबातच नाही. पट्ट्याचं टोक तुमच्या मनगटात. पहिल्या रात्री भुऱ्या काळोखात उठून उभा राहिला. भुंकला नाही. बरगड्यांवर हात ठेवला तर आत गुरगुर चालू होती, हाताला कळत होती, कानाला नाही. मी अर्धा तास श्वास रोखून बसलो. शेवटी टॉर्च मारला तर तंबूची सुटलेली दोरी कापडावर आपटत होती.

सामान पटकन सांगतो. नेहमीचंच खाणं, नवीन काही नको. घडीचं भांडं, जुना टॉवेल, बँडेज, बारीक टोकाचा चिमटा, मूठभर पिशव्या आणि छोटं खुरपं. विष्ठा पिशवीत भरून खाली आणा, नाहीतर पाण्यापासून ६०-७० मीटर लांब वीतभर खोल पुरा. सुक्या मेव्याची पाकिटं त्याच्या तोंडाच्या टप्प्यात ठेवू नका. मनुके आणि चॉकलेट दोन्ही त्याला विषारी आहेत, आणि तुमच्या पिशव्यांत नेमकं तेच असणार. दुखलं-खुपलं तरी आपल्या पेटीतली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन द्यायची नाही. रेबीजची आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस चालू आहे ना, ते बघा.

खाली उतरलात की गाडीत बसवण्याआधी गोचिडी शोधा: बोटांच्या बेचक्यात, कानांच्या आत, पापण्यांवर, जांघेत, गळपट्ट्याखाली. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. जाळायची नाही, तेल लावायचं नाही. सापडली तर तारीख टिपून ठेवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, खाणं सुटलं किंवा नाकातून रक्त आलं, तर डॉक्टरांना आधी ती तारीख सांगा.