कुलपावर १८४२, पण ते साल नव्हे

प्रश्न: माझे आजोबा कोल्हापूर स्टेशनवर पॉइंट्समन होते, १९४८ साली रिटायर झाले. त्यांच्या ट्रंकेत एक जाडजूड पितळी कुलूप सापडलं. किल्ली नाही. अंगावर इंग्रजीत 'एम. अँड एस. एम. आर.' आणि खाली १८४२. जुन्या वस्तूंचे एक दुकानदार म्हणतात, १८४२ सालचं आहे, पण किल्ली नसल्यानं दोन हजारच मिळतील. खरंच इतकं जुनं असेल?
– एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर: ताई, आपल्याकडं पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली १६ एप्रिल १८५३ ला. मग रेल्वेचं कुलूप अकरा वर्षं आधीच कुणी घडवलं? १८४२ हा कुलपाचा नंबर.

वय लपलंय वरच्या अक्षरांत. आपली मिरज-कोल्हापूर लाइन १८९१ ची, मालकी संस्थानची, पण गाड्या चालवायची सदर्न मराठा कंपनी. १९०८ साली ही कंपनी आणि मद्रास रेल्वे एक झाल्या आणि नाव पडलं मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे. तीच तुमची एम. अँड एस. एम. आर. एप्रिल १९५१ मध्ये ती सदर्न रेल्वेत गेली, तिथं हे नाव संपलं. आजोबा १९४८ ला घरी आले, म्हणजे कुलूप १९०८ ते १९४८ मधलं धरा.

आता भिंग घ्या. ठसे हातानं ठोकलेले असतील तर ओळ किंचित वाकडी, एखादं अक्षर जास्त खोल, कडा धारदार. साचा घेऊन ओतलेल्या नकलेत अक्षरं बसकी, गोलसर येतात. मग कडीच्या आतल्या वळणावर बोट फिरवा. वर्षानुवर्षं कोयंड्यात घासून तिथं खाच पडलेली असते.

किल्ली नाही म्हणून भाव पाडू देऊ नका. माझे वडील पापाच्या तिकटीजवळ टपरीत किल्ल्या करायचे. कोरी किल्ली मेणबत्तीवर धरून काजळी चढवायची, कुलपात घालून हलकेच फिरवायची, काजळी कुठं खरवडली ते बघून तेवढंच कानशीनं घासायचं. परत काजळी. लिव्हरच्या कुलपाला त्यांची अख्खी दुपार जायची. आधी दोन थेंब मशीनचं तेल सोडून रात्रभर ठेवा. करवत अजिबात नको.

चिंच आणि पितांबरी पण नको. मी एकदा दिवाळीत समयांबरोबर असलंच एक कुलूप विटेच्या भुकटीनं घासलं. लखलखलं खरं, पण नंबरातला पुसट पहिला आकडा कायमचा गेला. वडील दोन दिवस बोलले नाहीत.

आणि किल्लीवाला गाठायच्या आधी ट्रंकेच्या तळाचा कागद उचलून एकदा बघा.