डुकराच्या हृदयातून जिवंत स्नायुपेशी सुट्या करायला उंदराचीच पद्धत चालेल का?

तत्त्व तेच, पण अख्खं हृदय टांगायचा हट्ट सोडा. उंदराचं हृदय महाधमनीत बसवलेल्या नळीवर टांगून द्रावण उलट्या दिशेने कोरोनरी धमन्यांत (हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत) सोडतात. ही ऑस्कर लांगेनडॉर्फची 1895ची युक्ती. डुकराच्या एवढ्या मोठ्या हृदयाला पुरेल इतकं कोलॅजिनेज (पेशींना बांधून ठेवणारं कोलॅजन तोडणारं एन्झाइम) विकत घ्यायचं म्हणजे खिशाला भोक!

म्हणून डाव्या जवनिकेचा (हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याचा) पाचरीसारखा तुकडा कापतात, त्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या फांदीत नळी बांधतात आणि कापलेल्या कडेला गळणाऱ्या वाहिन्या टाके घालून बंद करतात. हे टाके कंटाळवाणे असतात, पण गळती राहिली तर एन्झाइम स्नायूत न शिरता बाहेरच वाहून जातं. आधी 37 अंशांचं कॅल्शियमविरहित द्रावण सोडून रक्त धुऊन काढायचं, मग कोलॅजिनेज आणि किंचित प्रोटिएज (प्रथिनं तोडणारं एन्झाइम). तुकडा लिबलिबीत झाला की बारीक करून हलक्या हाताने ढवळायचा आणि जाळीतून गाळायचा.

खरी परीक्षा पुढे. कॅल्शियम टप्प्याटप्प्याने, साधारण 1 ते 1.8 मिलिमोलरपर्यंत वाढवा. एकदम टाकलंत तर पेशी आखडून गोळा होतात आणि दिवसभराची मेहनत वाया जाते. काडीसारख्या लांबट, आडवे पट्टे स्पष्ट दिसणाऱ्या आणि आपणहून न आकसणाऱ्या पेशी तेवढ्या धरा.

धमनीच हाती नसेल, तर ऊतीचे बारीक तुकडे एन्झाइममध्ये ढवळतात. माणसाच्या शस्त्रक्रियेतल्या नमुन्यांना बहुधा हाच मार्ग उरतो, पण पेशी कमी मिळतात. आणि कोलॅजिनेजचा नवा लॉट आला की ते किती वेळ वापरायचं हे पुन्हा ठरवा. प्रत्येक लॉटचा स्वभाव वेगळा.