छोट्या नाट्यगृहात भविष्यकाळावरचे नवे विनोदी नाटक कसे बसवावे?

शंभरेक आसनांच्या नाट्यगृहात, मोजक्या पैशांत, विज्ञानकथेच्या अंगाने जाणारे नवे विनोदी नाटक करताना यंत्रमानव, अंतराळप्रवास वगैरे दाखवायचे कसे, असे आपण विचारले आहे. मी पुण्यातील प्रायोगिक नाटकांची प्रकाशयोजना आणि ध्वनी सांभाळतो. माझ्या मते ‘दाखवायचे कसे’ हा नंतरचा प्रश्न आहे. आधी लेखकाने विज्ञानाचा एकच नियम निवडावा, तो पहिल्या काही मिनिटांतच प्रेक्षकाला कळेल असा मांडावा आणि शेवटपर्यंत मोडू नये, कारण हशा त्या नियमाच्या काटेकोरपणातून मिळतो.

उदाहरणार्थ, पृथ्वीवरून मंगळावर रेडिओसंदेश पोहोचायला दोन ग्रहांमधील अंतरानुसार साधारण ३ ते २२ मिनिटे लागतात, म्हणजे ग्रह अगदी जवळ असले तरी उत्तर यायला सहा-सात मिनिटे जाणारच. सदाशिव पेठेतली आई मंगळावरच्या मुलाला ‘जेवलास का रे?’ असे विचारते. दरम्यान घरात वाटणीवरून वाद पेटतो, आणि काका ‘या घरावर माझा काही हक्क आहे की नाही?’ असे गरजत असतानाच स्पीकरवरून उत्तर येते, ‘हो, पण मीठ कमी होतं.’ एवढ्या प्रसंगाला एक स्पीकर पुरतो. मात्र हा क्यू, म्हणजे ध्वनी सोडण्याचा इशारा, घड्याळ पाहून कधीही देऊ नये, तो संवादावरच द्यावा, कारण हशे मिळाले की प्रयोग लांबतो आणि प्रेक्षक थंड असले की आटोपतो. त्याच कारणासाठी रंगमंचावर चालते घड्याळ ठेवू नये, आणि ध्वनी देणारी व्यक्ती रंगीत तालमीच्या दिवशी नव्हे, तर तालमींच्या पहिल्या आठवड्यापासून नटांसोबत असावी. विनोदी नाटकात तीही एक नटच असते, हे आपल्याकडे फार क्वचित मानले जाते.

यंत्रमानवाला चंदेरी कागद गुंडाळू नये; पहिली रांग इतकी जवळ असते की कागद हा कागदच दिसतो. १९२१ साली प्रागच्या रंगमंचावर आलेल्या चेक लेखक कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातले रोबोसुद्धा माणसांसारखेच दिसणारे होते. नटाने मान वळवण्याआधी नजर वळवली, प्रत्येक उत्तरापूर्वी ठरावीक विराम घेतला आणि आजूबाजूला कितीही गोंधळ असला तरी आवाजाची पट्टी बदलली नाही, तर तेवढ्याने यंत्रमानव उभा राहतो.

प्रोजेक्टरचा मोह टाळावा. जुहूच्या पृथ्वी थिएटरसारख्या, तीन बाजूंनी प्रेक्षक असलेल्या ठिकाणी मागच्या भिंतीवरचे चित्र बाजूच्या रांगांना नीट दिसत नाही, आणि चित्र उठून दिसावे म्हणून प्रकाश कमी केला की नटांचे चेहरे हरवतात. भविष्यकाळ म्हटले की निळा अंधार हवासा वाटतो, पण तो पार्श्वभूमीपुरता ठेवून चेहऱ्यांवर स्वच्छ उबदार प्रकाशच द्यावा. चेहरा दिसला नाही तर विनोद पोहोचत नाही.

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते. विनोदी संहिता तालमीत सतत बदलते, म्हणून संस्थेबाहेरच्या, शक्यतो विज्ञानाशी संबंध नसलेल्या आठ-दहा जणांसमोर आधी वाचन करावे, नियम कुठे कळला नाही ते त्यांना विचारावे, आणि त्या दुरुस्त्या झाल्यावरच संहिता मंडळाकडे पाठवावी.