वापरकर्ता नेमका कोणत्या संगणकावर आहे?

प्रश्न : आमच्या कार्यालयात विंडोज डोमेन (एका ठिकाणाहून सांभाळले जाणारे संगणकांचे जाळे) आहे. एखादा कर्मचारी या क्षणी कोणत्या संगणकावर लॉगइन आहे, हे स्क्रिप्टने शोधता येईल का?

उत्तर : येईल; मात्र ही माहिती अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (डोमेनमधील वापरकर्ते व संगणक यांच्या मध्यवर्ती नोंदवहीत) तयार मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये. तेथील ‘लास्ट लॉगऑन’ या नोंदीत केवळ वेळ असते, संगणकाचे नाव नसते. प्रत्येक संगणकाला पॉवरशेलमधून (विंडोजच्या आज्ञा व स्क्रिप्ट चालवण्याच्या साधनातून) विचारत फिरणे शक्य असले, तरी बंद असलेली यंत्रे आणि फायरवॉल यांपायी ते काम रेंगाळते. शिवाय ‘विन३२_कॉम्प्युटरसिस्टिम’मधून (संगणकाची माहिती देणाऱ्या विंडोजच्या नोंदीतून) रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून, आलेला वापरकर्ता कळत नाही, त्यासाठी ‘क्वेरी युजर’ ही आज्ञा वापरावी लागते.

माझ्या मते सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे ग्रुप पॉलिसीतून (डोमेनमधील संगणकांना एकत्र लागू होणाऱ्या नियमांतून) लॉगऑन स्क्रिप्ट, म्हणजे लॉगइन होताच आपोआप चालणारी स्क्रिप्ट, लावणे. तिच्यात एकच ओळ पुरते : ‘युजरनेम’ व ‘कॉम्प्युटरनेम’ ही चले, तारीख आणि वेळ सामायिक फोल्डरमधील फाइलच्या शेवटी जोडायची. लॉगऑफसाठीही अशीच स्क्रिप्ट ठेवावी, पण वीज गेली किंवा यंत्र अडकले तर ती चालणार नाही, म्हणून शेवटची नोंद हा पक्का पुरावा न मानता त्या संगणकावर ‘क्वेरी युजर’ चालवून खात्री करावी. फोल्डरवर कर्मचाऱ्यांना फक्त लिहिण्याची परवानगी द्यावी, नाहीतर सगळ्यांचा ठावठिकाणा सगळ्यांना दिसेल.

मागील नोंदी हव्या असल्यास डोमेन कंट्रोलरच्या (लॉगइन तपासणाऱ्या सर्व्हरच्या) सिक्युरिटी लॉगमधील ४७६८ क्रमांकाची घटना (लॉगइनच्या वेळच्या ओळख-पडताळणीची नोंद) पाहावी. ऑडिट (अशा घटना नोंदवण्याची सोय) चालू असेल तर तीत वापरकर्त्याच्या नावासोबत आयपी पत्ता मिळतो. कंट्रोलर अनेक असतील, तर सर्वांचे लॉग तपासावे लागतात.