जोडलेलं वाक्य मराठीत का फसतं?

प्रश्न : चादरी-टॉवेलच्या बिलिंग ॲपमध्ये संख्या, वस्तू आणि ‘पाठवला’ हे तुकडे कोडमध्ये जोडतो. ‘3 चादर पाठवला’ असं उमटतं. काय करू? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : जोडणं थांबवा. पूर्ण वाक्य भाषेच्या फाइलमध्ये ठेवा, संख्येसाठी फक्त जागा सोडा. मराठीला ‘वन’ (एकासाठी) आणि ‘अदर’ (बाकी संख्यांसाठी) ही दोन रूपं लागतात. शिवाय क्रियापद लिंगानुसार बदलतं. म्हणून आयसीयू मेसेजफॉरमॅटमध्ये (अशी बदलती वाक्यं लिहिण्याची ठरलेली पद्धत) बाहेर वस्तूचा ‘सिलेक्ट’, म्हणजे वस्तूनुसार वाक्य निवडणं, आत ‘प्लुरल’, म्हणजे संख्येनुसार रूप निवडणं : ‘1 चादर पाठवली’, ‘3 चादरी पाठवल्या’, ‘1 टॉवेल पाठवला’, ‘3 टॉवेल पाठवले’. संख्या एकच आहे का हे कोडमधल्या ‘इफ’ने तपासू नका, ॲप दुसऱ्या भाषेत नेलं की, उदाहरणार्थ अरबीत सहा रूपं असतात, तिथे ते कोलमडतं. आणि दुसऱ्या भाषांची गरज लागू शकते, कन्नड-तेलुगू ग्राहक तर सोलापुरात आहेतच. रकमेतले स्वल्पविराम हाताने घालू नका. संख्या छापताना लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाचा कोड, मराठीचं दिलं की १,००,००० आपोआप येतं.