ब्लॉकच्या घड्याळावर भिशीची सोडत

प्रश्न : आमच्या चाळीत बारा जणांची भिशी आहे. चिरंजीवांनी ती इथीरियम या ब्लॉकचेनवरच्या (अनेक संगणकांनी मिळून ठेवलेल्या नोंदवहीवरच्या) स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, बसवली असून हप्त्याची मुदत आणि दरमहा कोणाचा नंबर लागणार, हे दोन्ही ब्लॉकच्या (एकत्र नोंदलेल्या व्यवहारांच्या गठ्ठ्याच्या) टाइमस्टॅम्पवरून, म्हणजे त्यावरच्या वेळेच्या शिक्क्यावरून, ठरते. ही वेळ कितपत विश्वासार्ह मानावी?
— एक वाचक, गिरगाव, मुंबई

उत्तर : मुदतीसाठी मानावी, सोडतीसाठी मुळीच मानू नये.

सप्टेंबर २०२२ पर्यंत ही वेळ मायनर (संगणकाची ताकद लावून ब्लॉक बनवणारा) लिहीत असे आणि त्याला काही सेकंद इकडेतिकडे करण्यास वाव होता. प्रूफ ऑफ स्टेक (अनामत ठेवणाऱ्यांनी ब्लॉक बनवण्याची पद्धत) आल्यापासून मात्र १ डिसेंबर २०२० च्या सायंकाळी (आपल्या वेळेनुसार) ५ वाजून ३० मिनिटे २३ सेकंद हा आरंभ धरून दर १२ सेकंदांचा एक स्लॉट (ब्लॉकसाठीची ठरलेली वेळ) मोजला जातो आणि ब्लॉकवर त्या स्लॉटचीच वेळ पडते. व्हॅलिडेटर (आता ब्लॉक बनवणारा अनामतदार) ती बदलू शकत नाही, फार तर आपला ब्लॉक चुकवू शकतो. या हिशेबाने मध्यरात्रीच्या ठोक्यावर ब्लॉक येतच नाही : एक ११:५९:५९ चा, पुढचा १२:००:११ चा. शेवटच्या क्षणी भरलेला हप्ता पहिल्यात सामावला नाही, तर तो उशिराचा ठरतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटांची सवलत कॉन्ट्रॅक्टमध्येच लिहून ठेवावी. टाइमस्टॅम्प यूटीसीनुसार (जागतिक प्रमाणवेळेनुसार) असतो, हेही चिरंजीवांना विचारून घ्यावे. साडेपाच तासांचा फरक धरायचा राहिला, तर तुमची मध्यरात्र पहाटे साडेपाचला उजाडेल.

सोडतीचे दुखणे याहून मोठे आहे. टाइमस्टॅम्पला (तो १९७० च्या आरंभापासून मोजलेल्या सेकंदांचा आकडा असतो) सभासदसंख्येने भागून उरलेल्या बाकीवर नंबर काढला असेल (घाईत लिहिलेल्या कोडमध्ये बहुधा तसेच असते), तर स्वतः आकडेमोड करून पाहा : प्रत्येक स्लॉट १२ सेकंदांचा असल्याने १२ ने भागल्यावर बाकी कायम ११ च उरते, म्हणजे पहिली उचल कोणाची, हे भिशी सुरू होण्याआधीच ठरलेले. पुढच्या महिन्यात ११ जण उरले की दर स्लॉटला नंबर एकेक घर पुढे सरकतो आणि ज्याच्या हाती सोडतीचे बटण आहे, त्याला दोन-सव्वादोन मिनिटांच्या आत आपला स्लॉट गाठता येतो.

त्याऐवजी प्रत्येकाने एक गुप्त आकडा ठरवून त्याचा हॅश (ज्यावरून मूळ आकडा उलगडत नाही, असा त्याचा सांकेतिक ठसा) आधी नोंदवावा, सर्वांचे हॅश आल्यावर आकडे उघड करावेत आणि त्यांच्या बेरजेवर नंबर काढावा. शेवटचा माणूस निकाल ताडून आकडा दडवू शकतो. त्यासाठी त्याची अनामत जप्त होण्याची तरतूद हवी. एवढा खटाटोप नको असल्यास गॅलरीत सर्वांसमक्ष डब्यातून चिठ्ठी काढावी आणि कॉन्ट्रॅक्टकडे फक्त हप्त्यांचा हिशेब ठेवावा.