व्याख्यानाच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज कमी-जास्त होतो. कॉम्प्रेसर प्लग-इन लावून तो एकसारखा कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की गावच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेची रेकॉर्डिंग्ज यूट्यूबवर टाकायची आहेत. वक्ते मध्येच माइकपासून लांब सरकतात, मध्येच आवाज चढवतात, सूत्रसंचालक माइकला अगदी तोंड लावून बोलतात. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमधला कॉम्प्रेसर लावून पाहिलात तर आवाज सारखा व्हायचा राहिला आणि पंख्यांची घरघर वर आली, टाळ्या कानात बसायला लागल्या. तेव्हा सेटिंग्ज नेमकी कोणती ठेवायची?

अशी भाषणं, मुलाखती साफ करण्याचं काम मी बऱ्याच वर्षांपासून करतो, त्यामुळे आकडे देतोच. पण कॉम्प्रेसर आत काय करतो हे एकदा नीट कळलं नाही तर कुणाचेही आकडे उपयोगी पडणार नाहीत. कॉम्प्रेसर बारीक आवाज मोठा करत नसतो. ठरावीक पातळीच्या वर गेलेला आवाज तो खाली दाबतो, एवढंच त्याचं काम. ती पातळी म्हणजे थ्रेशोल्ड आणि किती दाबायचं ते म्हणजे रेशो. सगळं दाबून झालं की मेकअप गेन देऊन अख्खं रेकॉर्डिंग वर उचलायचं असतं. बारीक आवाज वाढतो तो या शेवटच्या पायरीला, आणि त्याच पायरीला पंखाही वाढतो.

आकड्यांत बघू. डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये ० डेसिबल ही वरची मर्यादा असते, त्याखालच्या पातळ्या उणे आकड्यांत लिहितात. समजा वक्ते आवेशात आले की आवाज उणे ६ डेसिबलपर्यंत जातो आणि हळू बोलताना उणे ३०वर असतो. पंख्यांची घरघर उणे ५२वर आहे. थ्रेशोल्ड उणे २४ ठेवला आणि रेशो ३:१. मोठा आवाज थ्रेशोल्डच्या १८ डेसिबल वर होता, तो आता फक्त ६ डेसिबल वर राहील, म्हणजे उणे १८ला येईल. हळू आवाज थ्रेशोल्डच्या खालीच असल्यामुळे त्याला हातही लागणार नाही. दोघांतलं अंतर २४ डेसिबल होतं ते १२ झालं. इथपर्यंत छान. आता १० डेसिबल मेकअप गेन दिला की मोठा आवाज उणे ८, हळू आवाज उणे २० आणि पंखा उणे ४२. चढ्या आवाजाच्या मानाने पंखा आधी ४६ डेसिबल खाली होता, आता ३४च खाली आहे. तुम्हाला ऐकू आली ती हीच घरघर. ती येणारच होती, तुमचा कॉम्प्रेसर बिघडलेला नाही.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, दुसऱ्याचे थ्रेशोल्डचे आकडे उचलून लावण्यात अर्थ नाही, कारण ते त्याच्या रेकॉर्डिंगच्या पातळीवर बेतलेले असतात. दुसरी, आणि माझ्या मते सगळ्या कामाचं मर्म हेच: कॉम्प्रेसरकडे जाण्याआधी मोठमोठे फरक हाताने काढून टाकायचे. २४ डेसिबलचा खड्डा एकट्या कॉम्प्रेसरने बुजवायला गेलात की तो आवाजाला पिळून काढतो. तोच खड्डा आधी हाताने १० डेसिबलवर आणलात, तर उरलेलं काम कॉम्प्रेसर इतक्या अलगद करतो की ऐकणाऱ्याला काही लावलंय हे कळतसुद्धा नाही.

हाताने म्हणजे कसं? अख्ख्या व्याख्यानाची वेव्हफॉर्म (आवाजाची आकृती) स्क्रीनवर पसरून बघा. सूत्रसंचालकांची प्रस्तावना जाड पट्ट्यासारखी दिसेल, वक्ते फळ्याकडे वळले ती जागा बारीक दिसेल, टाळ्यांचे गठ्ठे लगेच ओळखू येतील. ऑडॅसिटीत एफ२ दाबलं की एन्व्हलप टूल येतं. त्याने ट्रॅकवर ठिपके देऊन आवाजाची रेघ वर-खाली ओढता येते. नाहीतर तेवढा भाग सिलेक्ट करून अँप्लिफायमध्ये अधिक-उणे आकडा द्या. प्रस्तावना ५-६ डेसिबल खाली, माइकपासून लांब बोललेला भाग ७-८ डेसिबल वर, टाळ्या ८ ते १० डेसिबल खाली. दीड तासाच्या व्याख्यानात अशा जागा वाटतात तेवढ्या नसतात. रीपर हे दुसरं ऑडिओ सॉफ्टवेअर वापरत असाल तर क्लिपचे तुकडे करून प्रत्येकाचा व्हॉल्यूम वेगळा ठेवता येतो, ते आणखी सोपं जातं.

टाळ्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण भाषणाच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात जास्त नासधूस तिथे होते. वक्ते एक वाक्य टाकतात, सभागृह टाळ्या वाजवतं. कॉम्प्रेसर त्या टाळ्यांना १२-१५ डेसिबल दाबून धरतो. टाळ्या विरत असतानाच वक्ते खालच्या पट्टीत पुढचं वाक्य सुरू करतात. कॉम्प्रेसरची पकड सुटायला लागणारा वेळ म्हणजे रिलीज. तो एक-दोन सेकंदांचा असेल तर त्या वाक्याचे पहिले तीन-चार शब्द दबलेलेच राहतात, आणि मग आवाज हळूहळू वर सरकतो. ऐकणारा म्हणतो, ‘वक्ते काय म्हणाले ते कळलंच नाही.’ उलट रिलीज ४०-५० मिलिसेकंदांवर आणलात तर दोन शब्दांमधल्या प्रत्येक फटीत पंखा वर उसळतो आणि शब्द आला की दबतो. हे पाच मिनिटं ऐकलं तरी डोकं दुखतं. म्हणून टाळ्या आधीच हाताने खाली आणायच्या. कॉम्प्रेसरला त्या दिसल्याच नाहीत तर तो त्यांच्यावर उखडणारही नाही.

आता क्रम. सुरुवातीला हाय-पास फिल्टर, म्हणजे खालचे जाड आवाज कापणारा फिल्टर, ८० हर्ट्झला लावा. पोडियमवर हात आपटणं, माइकच्या दांड्याला लागलेला धक्का, आपल्याकडच्या विजेची ५० हर्ट्झची घूं हे सगळं त्याखाली येतं. हा धप्प आवाज कानाला फारसा जाणवत नाही, पण कॉम्प्रेसरला जाणवतो, आणि त्यापायी तो वक्त्यांचा आवाज दाबतो. वक्ता टेबलावर मूठ आपटतो आणि नेमका त्याच क्षणी त्याचा आवाज बुडतो, असं झालं असेल तर कारण हेच. घूं १०० आणि १५० हर्ट्झलाही उमटलेली असते, ती राहिलीच तर तिथे अरुंद नॉच (तेवढीच कंपनसंख्या कापणारा फिल्टर) लावा. त्यानंतर नॉइज रिडक्शन: नुसता पंखा ऐकू येतो असा एखाददुसरा सेकंद शोधून त्याची प्रोफाइल, म्हणजे नमुना, घ्या आणि ६ ते ९ डेसिबलच कमी करा. त्याहून जास्त केलंत तर बोलणं पाण्याखालून आल्यासारखं होतं आणि ते नंतर कशानेही सुधारत नाही. मग वर सांगितलेली हाताची कारागिरी. मग कॉम्प्रेसर. शेवटी लाउडनेस (एकूण आवाजाची पातळी) आणि लिमिटर (ठरावीक मर्यादेपुढे आवाज जाऊच न देणारा).

कॉम्प्रेसरचे माझे आकडे: रेशो २.५:१ ते ३:१, अटॅक (पकड बसायला लागणारा वेळ) १० ते २० मिलिसेकंद, रिलीज १५० ते २५० मिलिसेकंद, नी (थ्रेशोल्डजवळ दाब किती हळूहळू सुरू व्हावा ते) ६ डेसिबलच्या आसपास. थ्रेशोल्डचा आकडा देत नाही, तो मीटर बघून ठरवा. वक्ते नेहमीच्या आवाजात बोलतात असा भाग वाजवत ठेवा आणि गेन रिडक्शन (आवाज किती दाबला जातोय तो आकडा) ३ ते ४ डेसिबल दिसेपर्यंत थ्रेशोल्ड खाली आणा. आवेशात ते ७-८पर्यंत जाईल, हळू बोलताना जवळजवळ शून्य असेल. बस. सतत १०च्या पुढे जात असेल तर थ्रेशोल्डशी झटापट करू नका, मागे जाऊन हाताचं काम वाढवा. अटॅक अगदी १-२ मिलिसेकंदांवर नेलात तर ‘क’, ‘ट’, ‘प’ यांची सुरुवात बोथट होते आणि स्पष्ट उच्चार करणारा वक्तासुद्धा तोंडातल्या तोंडात बोलल्यासारखा वाटतो. कॉम्प्रेशननंतर ‘स’ आणि ‘श’ टोचायला लागले तर हलका डी-एसर, म्हणजे फक्त असे शीळ घालणारे आवाज दाबणारा प्लग-इन, लावा.

ऑडॅसिटीची आवृत्ती कोणती आहे तेही बघा. २०२४मध्ये आलेल्या ३.६ आवृत्तीत कॉम्प्रेसर पूर्ण नवा केला आहे. त्यात आकडे मिलिसेकंदांत आहेत, वाजवता वाजवता बदलता येतात आणि किती दाबलं जातंय त्याचा आलेख समोर सरकत राहतो. त्याआधीच्या कॉम्प्रेसरमध्ये अटॅक ०.१ सेकंदाच्या आणि रिलीज १ सेकंदाच्या खाली जातच नव्हता, म्हणजे वरचे आकडे त्यात बसणारच नाहीत. शिवाय त्यात कॉम्प्रेस केल्यावर सगळं ० डेसिबलपर्यंत उचलण्याची एक चौकट होती. तुमच्या वर्णनावरून मला दाट शंका आहे की तुमच्याकडे जुनी आवृत्ती आहे आणि ती टिक तशीच राहिली आहे. आवृत्ती बदलून घ्या, फुकट आहे.

जुनीच ठेवायची असेल किंवा हाताने करायला वेळच नसेल, तर ‘क्रिसेस डायनॅमिक कॉम्प्रेसर’ नावाचा ऑडॅसिटीसाठीचा मोफत प्लग-इन शोधा. क्रिस कॅपेल यांनी तो लिहिला तो गाडीच्या गोंगाटात पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकता यावं म्हणून. त्या संगीतातले हळुवार भाग गाडीत ऐकूच येत नाहीत आणि आवाज वाढवावा तर पुढचा मोठा भाग अंगावर येतो, ही ती अडचण. तुमचीही जातकुळी तीच. साध्या कॉम्प्रेसरसारखा तो आवाज थ्रेशोल्डपुढे गेल्यावर धावत नाही, पुढे काय येणार आहे ते आधी पाहून घेतो, म्हणून त्याचे चढउतार फार सुबक होतात. त्यात कॉम्प्रेस रेशो नेहमीच्या ३:१सारखा लिहीत नाहीत. ० म्हणजे काहीच नाही, १च्या जवळ म्हणजे सगळं सपाट, आणि १च्या पुढे गेलात तर बारीक आवाज मोठ्याहून मोठा होतो. व्याख्यानाला ०.५ ते ०.६५ पुरतं. दुसरा महत्त्वाचा आकडा फ्लोअर: त्याखालचे अतिबारीक आवाज तो मर्यादेपलीकडे उचलत नाही. पंखा वर येत असेल तर फ्लोअर उणे ३२वरून उणे २८, उणे २६ असा वर आणा. हा प्लग-इन चालू आवाजावर लागत नाही, प्रक्रिया पूर्ण झाल्यावरच ऐकता येतं. म्हणून दोन मिनिटांचा असा तुकडा निवडा ज्यात टाळ्या, चढा आवाज आणि हळू आवाज तिन्ही आहेत, आणि त्यावर आधी जमवून घ्या.

शेवटच्या पायरीला लाउडनेस नॉर्मलायझेशन उणे १६ एलयूएफएसला (कानाला जाणवणारा सरासरी आवाज मोजायचं एकक) करा आणि लिमिटर उणे १ डेसिबलला ठेवा. यूट्यूब साधारण उणे १४च्या वरचा आवाज स्वतः खाली आणतं, पण कमी असलेला वाढवून देत नाही, म्हणून फार खाली ठेवू नका. रेकॉर्डिंग एकाच माइकचं असेल तर ते मोनोच राहू द्या. नॉर्मलायझेशनच्या खिडकीत मोनोला ड्युअल-मोनो (दोन्ही स्पीकरवर तोच आवाज) समजण्याचा पर्याय असतो, त्यावर टिक करा, नाहीतर मोजमाप ३ डेसिबलने चुकतं.

एक विनंती मात्र मनापासून करतो: सगळं सपाट करू नका. चांगला वक्ता कवितेची ओळ म्हणण्याआधी आवाज मुद्दाम खाली आणतो, सभागृह पुढे झुकतं आणि मग ओळ येते. तो उतार म्हणजे त्याने श्रोत्यांशी केलेलं बोलणंच आहे. तोही बाकीच्या वाक्यांच्या पातळीवर आणून ठेवला, तर शब्द राहतील आणि व्याख्यान निघून जाईल. हळू आणि चढ्या आवाजात ८-१० डेसिबलचं अंतर शिल्लक राहू द्या. फोनच्या स्पीकरवर, शेजारी कुकरची शिट्टी होत असताना शब्द कळतोय ना, एवढं तपासा आणि थांबा.

याच कारणासाठी मूळ डब्ल्यूएव्ही फाइल, काहीही न लावलेली, वेगळी जपून ठेवा. वाचनालयाच्या संगणकावर एक आणि बाहेर कुठेतरी एक अशा दोन प्रती असाव्यात. दाबलेला आवाज परत उलगडता येत नाही, आणि दहा वर्षांनी याहून चांगली साधनं आलेली असतील.

जिथे वेव्हफॉर्म वरून-खालून कापल्यासारखी चपटी दिसते, तिथे आवाज रेकॉर्ड होतानाच फुटलेला आहे. कॉम्प्रेसर ते दुरुस्त करत नाही, फुटलेलाच आवाज खालच्या पातळीवर ऐकवतो. पुढच्या व्याख्यानाला रेकॉर्डर २४ बिटवर ठेवा आणि वक्ते जोरात बोलले तरी काटा उणे १२च्या पुढे जाणार नाही इतकाच गेन द्या. जमलं तर मिक्सरमधून थेट लाइन घ्या आणि सभागृहातला आवाज दुसऱ्या ट्रॅकवर. मग टाळ्या आणि पंखे दोन्ही त्या दुसऱ्या ट्रॅकवर राहतात आणि वर लिहिलेलं निम्मं काम करावंच लागत नाही.

शेवटच्या प्रश्नोत्तरांचं काय, हेही तुम्ही विचारलंय. मागच्या रांगेतून माइकशिवाय विचारलेला प्रश्न १५-२० डेसिबल उचलला की सगळं सभागृहच त्याच्यासोबत उचललं जातं. खुर्च्या, खोकला, पंखे सगळं. तिथे कॉम्प्रेसरच्या नादी लागू नका. प्रश्न ऐकून समजत असेल तर तो लिहून स्क्रीनवर दाखवा आणि आवाज आहे तसा हलका ठेवा. पुढच्या वेळेपासून सूत्रसंचालकांना सांगा, की वक्त्यांनी उत्तर द्यायच्या आधी प्रश्न तुम्ही तुमच्या माइकवरून एकदा म्हणून दाखवायचा.